ज्याला जास्त लाइक, त्याला बक्षीस

पण माझं ऐकतो कोण? पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडत होते, पोरीच्या पोटात काही नाही, जे काय आहे ते त्या मोबाईलात आहे! धाकटी माझी, नववीत. शाळेची वेळ झाली की पोट धरून बसायची आणि तोंडावर रुमाल. आता पोट दुखतंय तर रुमाल तोंडावर कशाला, सांगा ना मला! आमचे हे म्हणाले, ‘अगं, गॅस असेल.’ डॉक्टर म्हणाले, ‘गॅसच आहे.’ अहो, पोरगी आहे की शेगडी?

शेवटी दुकानात समोर बसवली. माझं इस्त्रीचं दुकान आहे. तापलेली इस्त्री हातात... मारायला नाही हो, गिऱ्हाईक दारात उभं होतं! तेव्हा कुठे बोलली. वर्गातल्या पोरांचा मोबाईलवर ग्रुप, आणि त्यात मतदान. कशाचं? तर वर्गात कुणाचे दात सगळ्यात घाण! माझ्या लेकीचा फोटो, दातांभोवती लाल गोल, खाली अख्ख्या वर्गानं हसरी तोंडं चिकटवलेली. निवडून आली हो, बहुमतानं!

गेले तशीच शाळेत. मोठ्या बाई म्हणतात कशा, ‘हे घरी घडतं हो ताई, आमच्या शाळेत मोबाईलला बंदी आहे.’ अहो, मोबाईल बंद, पण ती हसणारी तोंडं येतात ना वर्गात? ‘काळजी करू नका, आम्ही जनजागृती करतोय.’ म्हणजे काय, तर प्रत्येकानं ‘मोबाईलपासून सावधान’ असा व्हिडिओ करायचा, मोबाईलवरच टाकायचा, आणि ज्याला जास्त लाइक त्याला बक्षीस! तुम्हाला सांगते, दारू सोडा म्हणून गुत्त्यावर सभा, आणि जो जास्त पिईल त्याचा सत्कार! ज्यांनी जन्मात मोबाईल धरला नव्हता, ती पोरंसुद्धा आजोबांचा पळवून लाइक मोजत बसली. बक्षीस तरी काय? कानात घालायची बिनवायरची बोंडं! मी म्हटलं, बाई, हे उलटं होतंय... पण माझं ऐकतो कोण?

बक्षिसाचा दिवस. आम्हा आईबापांनाही बोलावणं. हॉलच्या दारात टब, पोरांनी आपापले मोबाईल त्यात टाकायचे. पहिला नंबर कुणाचा? जिनं ते मतदान काढलं, तिचा! पडद्यावर डोळ्यांत पाणी आणून म्हणते, ‘मित्रांनो, कुणाच्या दिसण्यावर हसू नका.’ टाळ्या! आणि माझ्या शेजारी माझी पोर, रुमालात तोंड खुपसून. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. उठले. ‘बंद करा त्या टाळ्या!’

‘ताई, बसा, कार्यक्रम चालू आहे...’

‘बसते! पण ज्यानं ज्यानं हसरं तोंड लावलं, त्यानं आधी हिच्यासमोर येऊन हसून दाखवायचं. खी खी खी! येऊ दे एकेकाला!’

लेक पदर ओढतेय, ‘आई, बस ना गं.’ मोठ्या बाईंना घाम. पण वर्गाचे सर उठले, एरवी फळ्याशीच बोलणारा माणूस. पोरीजवळ येऊन हळूच विचारलं, ‘तुला चालेल का? इथं नको, आपल्या वर्गात.’ तिनं मान हलवली. सगळा वर्ग नेला, दार लावलं. मी दाराला कान लावून. लावणारच!

पहिला पोरगा आला. म्हणतो, ‘सर, समोर असली की हसू येत नाही.’ दुसरा, तिसरा, सगळ्यांची तीच गत. मग ती बक्षीसवाली, आता खरीखुरी रडत, तिच्या स्वतःच्याच दातांना तार बरं का: ‘मला वाटलं माझंच नाव येईल, म्हणून तुझं आधी टाकलं.’

आणि माझी पोर काय म्हणाली? ‘आधी सांगायचंस की! दोघींनी मिळून सरांचं टाकलं असतं!’

हशा फुटला, सरांचासुद्धा! आणि त्यात माझ्या लेकीचं हसू, तोंडावर रुमाल नसलेलं. तिथंच भिंतीला टेकले मी. आता दर आठवड्याला सर एक तास ठेवतात. मोबाईलवर जे लिहिलं, ते तोंडावर बोलायचं. बहुतेकांचं बोलणंच संपलंय! ऐकलं एकदाचं कुणीतरी माझं!

...असं वाटलं मला. त्याच दिवशी संध्याकाळी बघते तर मीच मोबाईलवर! ‘बंद करा त्या टाळ्या’, मागे ढॅणढॅण संगीत, आणि लाइक? अख्ख्या स्पर्धेपेक्षा जास्त! खाली एकानं लिहिलंय, ‘काकू आहेत की भोंगा?’ मी पेटले. लेक म्हणते, ‘जाऊ दे आई, समोर असता तर हूं की चूं केलं नसतं.’ अरे वा, शिकली!

पण मी सोडते का? सकाळी शाळेत हजर. ‘काढला कुणी व्हिडिओ? उभा करा माझ्यासमोर!’ मोठ्या बाई म्हणाल्या, ‘पोरांचे मोबाईल तर टबात होते, ताई. म्हणजे मोठ्यांपैकीच कुणीतरी.’ त्यांनी शोधून काढलं, कुणाच्या मोबाईलवरून आला ते, आणि माझ्याकडे अशा काही बघायला लागल्या... ‘ताई, खरंच सांगू?’

‘सांगा! घाबरते की काय मी कुणाला!’

सांगितलं हो. आता नाव घ्यायची पद्धत नाही आमच्यात, नाहीतर चौकात उभं राहून घेतलं असतं... कोण म्हणून काय विचारता?

आमचे हे!