काउंटरसाठी केस

हसणार नसाल तरच सांगते. दूध संघाच्या काउंटरवर पोरगी पाहिजे होती आणि माझे चुलते तिथले संचालक. कॉलेज सोडून घरात कुजत होते, म्हटलं सुटले. चुलते म्हणाले, "ह्या कुरळ्या झिंज्या घेऊन बसणार व्हय? आधी सरळ कर."

मैत्रिणीची केस सरळ करायची मशीन आणली. मशीनआधी केसांना लावायला परळीच्या दुकानदारानं दोन वस्तू दाखवल्या. क्रीम भारी होती, पण ती लावली की केस दोनदा धुवायचे. आमच्याकडं टँकर आठ दिवसांनी येतो. म्हणून स्प्रे घेतला. कोरड्या केसांवर मारायचा आणि मशीन फिरवायची, पाणी लागतच न्हाई.

तर काकू आडवी आली. "कोरड्या केसाला चटका? जळतील की! मला शिकवू नको." धरून बसवलं आणि वाटीभर तेल चोपडलं. मशीन लावली तसा धूर निघाला. कपाळावरची बट तुटून मशीनलाच चिकटली.

चुलते माझ्यावरच खेकसले, "आता काउंटरला न्हाई जमायचं. डोक्याला फडकं बांध आन् मागं दुधाचे कॅन धुवायला जा."

रोज जाते. तिथं पाणी लई हाय.