आधी गुरुजी, मग आमी

सहकार-धुरंधर, त्रिवार-अविरोध-निर्वाचित, ट्रॅक्टर-द्वय-मंडित सरपंच तथा आजच्या समारंभाचे सर्वाधिकारी अध्यक्ष श्रीमंतराव, चार टेबले जोडून सिद्ध केलेल्या या डळमळत्या व्यासपीठावर निर्भयपणे विराजमान झालेले अतिथिगण, सहस्रावधी नेत्रांतील तिमिर हरण करून एकाचेही श्रेय न घेणाऱ्या आजच्या उत्सवमूर्ती डॉक्टर जयमालाताई साळवे, त्यांच्या सहकारी परिचारिका वृषालीताई, दृक्-श्राव्य-यंत्र-नियंता जालिंदरराव, बंधुभगिनींनो, आणि मागील दोन बाकांवर मांडीवर गाठोडी घेऊन, केवळ माझ्यावर पहारा ठेवण्यासाठी उपस्थित असलेल्या अठरा नेत्ररुग्णहो!

माझ्या उजव्या भुवईवर जी पांढरी चिकटपट्टी दिसत आहे, ती सत्काराचा भाग नव्हे. तिचे प्रयोजन यथावकाश स्पष्ट होईल.

ताई परवा निवृत्त होत आहेत. उद्या सकाळी त्यांच्या शस्त्रक्रियांची शेवटची यादी. त्यांच्या जागी कोण येणार, असे विचारले असता 'बाब विचाराधीन आहे' असे उत्तर आले आहे. विचाराधीन बाबींचे आयुर्मान आपण सर्वजण जाणता.

सात वर्षांपूर्वी, म्हणजे एकोणीसशे एकोणनव्वद साली, ताईंनी पुण्याहून अकरा कॅसेट आणल्या. विषय : नेत्रशल्यक्रिया व नेत्रनिदान यांची आधुनिक तंत्रे. भाषा : इंग्रजी. प्रेक्षक : आपण. तेव्हा भाषांतरासाठी शाळेतून एक संस्कृतचा शिक्षक उचलण्यात आला. तोच हा रामहरी. जालिंदररावांनी टेम्पोत व्हीसीआर ठेवावा, शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार करावा, इंग्रजी आवाज बंद करावा, आणि मी म्हणावे, "आता नेत्राभ्यंतरी कृत्रिम भिंगाचे प्रत्यारोपण होत आहे!" त्यावर मागून कोणीतरी म्हणायचे, "भिंग बसवत्यात म्हना की!"

निरोपाच्या समारंभात सत्य बोलण्याचा प्रघात नाही. तरीही आज एक सत्य सांगतो. मी ती शस्त्रक्रिया कधीही पाहिलेली नाही.

सात वर्षे मी दूरदर्शन संचाकडे पाठ करून उभा राहिलो. श्रोत्यांकडे तोंड असावे ही वक्तृत्वाची मर्यादा, असे मी सर्वांना सांगत असे. वस्तुतः पहिल्याच कॅसेटमध्ये डोळ्याजवळ सुई आली आणि मी जी पाठ फिरवली ती कायमचीच. मग मी सारे तोंडपाठ केले आणि मनगटावरील घड्याळाच्या आधारे वर्णन करू लागलो. चौथ्या मिनिटाला भूल, नवव्याला छेद, सोळाव्याला भिंग. सुईबाबत माझे एकच वाक्य ठरलेले : "मुंगी चावल्याइतकेच लागते."

अशा भक्कम पायावर उभारलेली कीर्ती किती काळ टिकावी? गेल्या मंगळवारी दुपारपर्यंत टिकली.

सोनईच्या शाळेत उद्याच्या यादीतील या अठरा जणांसाठी प्रयोग होता. जालिंदररावांनी अनवधानाने आपल्या धाकट्या बंधूंच्या विवाहाची कॅसेट लावली. मी पाठमोरा. घड्याळ पाहून म्हणालो, "आता मधला पडदा अलगद बाजूला होत आहे." पडद्यावर त्याच क्षणी अंतरपाट सरला म्हणे. वर्ग हसून लोळला. ही माझ्या शैलीला मिळालेली दाद समजून मी किंचित वाकलोसुद्धा.

तेव्हा घोडेगावच्या गोजरबाई उठल्या. "गुरुजी, नवरदेवाला भूल दिली का न्हाई आजून?"

मी वळलो. आयुष्यात प्रथमच त्या संचाकडे निरखून पाहिले आणि ठामपणे म्हणालो, "शुभ्र वेषातील शल्यविशारद येथे स्पष्ट दिसत आहेत."

"आवं, त्यो नवरदेवाचा मामा हाय!"

मग हसणे थांबले. गोजरबाई पुढे आल्या, त्यांनी माझ्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"किती बोटं?"

"तीन."

"बोटं न्हाईत, मूठ हाय. गुरुजी, तुमचा बी डोळा गेलाय की वो!"

 एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. "सात साल आमाला सांगता, मुंगी चावल्यावानी लागतं. तुमाला चावली का कवा ती मुंगी?" आणि सर्वांकडे वळून म्हणाल्या, "आधी गुरुजी, मग आमी. गुरुजी न्हाई, तर आमी बी न्हाई." सतरा माना हलल्या.

गोजरबाईंचा लेक आणि सून सोमवारी कोयता घेऊन ऊसतोडीला कोपरगावकडे निघतील. दोन नातवंडे गोजरबाईंच्या हवाली. त्या म्हणाल्या, चुलीतला जाळ त्यांना धुरासारखा दिसतो. उद्या डोळा झाला नाही, तर तो जाळ, ती लेकरे आणि विचाराधीन बाब.

मी ताईंकडे आश्रयार्थ धावलो. रक्तदाबाचे कारण पुढे केले. त्यांनी मोजला, उत्तम निघाला. साखरेचे केले, तीही फितूर झाली. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत, असे म्हणालो. ताईंनी माझी हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यात पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, चार वर्षं झाली या मोतीबिंदूला. तुम्ही कधी सांगता, याची वाट बघत होते मी. सकाळी आठला, यादीत पहिले तुम्ही."

आज दुपारी चार वाजता वृषालीताईंनी माझ्या उजव्या पापणीचे केस कापले आणि डोळा चुकू नये म्हणून ही पट्टी लावली. पापणीचे केस कापलेला मनुष्य पळून जाऊन जाऊन जाणार कोठे? हातात कागद न घेता बोलतो म्हणून मघाशी अतिथींनी माझ्या स्मरणशक्तीची प्रशंसा केली. कागद खिशात आहे. डावा डोळाही आता मंदावला असल्याने तो मला वाचता येत नाही.

ताई, आपल्या कार्याचे वर्णन करण्यासाठी मी बावीस विशेषणे आणली होती. ती राहू द्या. मला भीती वाटते. तुमचा हात मात्र आजवर हलला नाही, असे मी सात वर्षे न पाहता सांगत आलो. उद्या तेवढे खरे करा, म्हणजे सोमवारी गोजरबाईंना जाळ दिसेल.

अध्यक्षांचे, अतिथींचे आणि मला इथे अडकवणाऱ्या सर्वांचे आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कोणाचे पद गाळले गेले असेल अथवा नसलेले चिकटवले गेले असेल, तर उदार अंतःकरणाने पोटात घालावे.

जाता जाता एक किरकोळ बाब. सभागृहाबाहेर काढलेल्या माझ्या वहाणा जागेवर नाहीत. त्या गोजरबाईंच्या गाठोड्यात असल्याचे कळते. मागितल्या असता "डोळ्याला पट्टी बांधली का देते" असे उत्तर मिळाले. आता मला वॉर्डात जायचे आहे. वॉर्ड अंगणापलीकडे आहे, अंगणभर सराट्याचे काटे आहेत आणि ते मला दिसत नाहीत. अध्यक्षमहोदय, हसू नका. याचे काय करायचे?