मगरमर्दन कर्नल

(नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. रत्नागिरीजवळ भाट्ये, केरूची पडवी. केरू मानाच्या नारळाला सोनेरी कागद चढवतोय. समोर निवृत्त कर्नल शिवलकर उभे आहेत.)

कर्नल : पुलाजवळचा तो फ्लेक्स कोणी लावला, एवढंच मी विचारतोय.

केरू : पोरांनी. आमच्या सर्वेशनं. बसा ना सायेब, उभ्यानं काय बोलायचं? ती खुर्ची नको, तिचा पाय लंगडा हाय.

कर्नल : त्या फ्लेक्सवर मी मगरीच्या पाठीवर बसलोय, केरू. छातीवर पदकं, दातात दोरखंड. खाली लिहिलंय, मगरमर्दन कर्नल शिवलकर.

केरू : मगर जरा बारीक काढलीन. मी बोललो व्हतो त्याला, शेपटी पुलाच्या पार त्या टोकाला जाऊ दे.

कर्नल : मगर नव्हतीच.

केरू : आता नव्हती म्हणून कसं चालंल? पन्नास वर्षं पोसलीय मी तिला. एकाहत्तरची लढाई संपवून घरी आलो तेव्हा घोरपडीएवढी व्हती. आता जबडा उघडलान की आत होडी नांगरता येते. बालवाडीतली पोरं वळखतात तिला.

कर्नल : मी शांतपणे राहायला वडिलांच्या गावी आलो. मासे घ्यायला गेलो तर ती बाई विचारते, सायेब, मगरीचं मटण कसं लागतं? केस कापायला बसलो तर न्हावी मानेवर दातांच्या खुणा शोधतो. बत्तीस वर्षं नोकरी केली मी. लडाखात या पायाची बोटं गेली. ती पदकं मी कमावलीत. आणि आज मी सेना मेडल म्हटलं की लोक तोंडावर रुमाल धरतात. जत्रेतल्या चकत्या करून टाकल्यास तू माझ्या पदकांच्या.

केरू : मी तर तारीफच केली. वाईट बोललो असंन तर जीभ झडो. बंगालातली नदी, काळोखी रात, पल्याड दुश्मन. आमच्या कॅप्टनसायबानं दोर दातात धरलान नि उडी टाकलीन. मगर आडवी आली. सायबानं तिच्या दोन कानफटात दिल्यान. ती रडत आयशीकडं गेली. आयशीनं येऊन सायबाला सलाम ठोकलान...

कर्नल : पुरे.

केरू : पदकाच्या कागदात पण ह्येच हाय ना सायेब? कॅप्टन शिवलकर स्वतः दोर घेऊन नदी पोहून गेले, मागून सगळी कंपनी दोराला धरून पार झाली. मी फक्त मगर घातली. तुमी घातलंत त्येच्यापेक्षा काय जास्त घातलं मी?

कर्नल : म्हणजे हे सगळं मुद्दाम.

केरू : मंग काय चुकून? ब्रिगेडचे मोठे सायेब आले तेव्हा मी खरं बोललो व्हतो. दोर आनंदानं नेला. माझ्या वाडीतला आनंदा, माझ्यासोबत भरती झालेला. तर तुमी मला कोठडीत टाकलंत. वरिष्ठांपुढं बेअदबी. आत उंदीर बोक्याएवढे. त्यातल्या एकाला मी दाहिने मुड, बाएं मुड शिकवलं, तो पुढं लान्स नायक झाला असंल. तिथं बसून ठरवलं मी. खरं बोललं की कोठडी. मंग आता खोटंच बोलायचं, पण तुमच्या बाजूनं. असं बोलायचं की तुमचं खरं पण कोणी खरं मानू नये.

कर्नल : आणि उद्याचा मान? तोही तूच?

केरू : मीच. वाडीची रीत तुमाला ठावं हाय. नारळी पुनवेला मानकऱ्यानं छातीएवढ्या पाण्यात जाऊन नारळ सोडायचा, मंग होड्या दर्यात जाणार. मी मीटिंगीत बोललो, असा पोहणारा गावात असताना दुसरा मानकरी कशाला? पोरांनी त्येच्यावर जोडलानी की नारळ सोडल्यावर सायबांनी दोर घेऊन पुढच्या होडीपर्यंत जायचं. सर्वेश मोबाइलवर दाखवणार सगळ्यांना. तुमची नात पुण्यात बसून बघणार हाय म्हणं.

कर्नल : मी एक्याऐंशी वर्षांचा आहे. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणीन.

केरू : आणा. पोरं मायाळू हायत, छातीवरनं कमरेवर येतील. पण भाट्याची खाडी श्रावणात कमरेएवढ्यात पण पायाखालची वाळू काढून घेते. पोहणाऱ्याला काय त्याचं म्हणा.

कर्नल : तुला माहीत आहे.

केरू : काय ते?

कर्नल : बोलायला लावू नकोस मला.

केरू : बोला की. मी पन्नास वर्षं बोललो, आता तुमची पाळी. ऐकणारं माणूस आतच बसलंय. वयनी, या भायेर.

सत्यवती : आले. चाय गाळत्येय.

कर्नल : कोण आहे आत?

केरू : आनंदाची बायको. लढाईवर निघालो तेव्हा तिच्या हातावरची हळद गेली नव्हती.

सत्यवती : घ्या सायेब. साखर नाय घातली. तुमाला चालत नाय असं वाडीत ऐकलं.

कर्नल : सत्यवतीबाई, मी तुमच्याकडे यायला हवं होतं. पेन्शन वगैरे मिळते ना वेळेवर?

सत्यवती : मिळते. अपघाताची. तार आली ती मास्तरांनी वाचलानी, नदीत बुडून मेला. सासरा त्या दिवसापासून होडीवर चढला नाय. ज्याचा पोर चालायच्या आधी पोहायला शिकला, तो बुडाला. मी जेटीवर गेले की बाया मुद्दाम गप्प व्हायच्या. गोळी लागून मेला असता तर गळ्यात पडून रडल्या असत्या. दिरानं नवी होडी घेतलीन, भावाचं नाव द्यायचं त्याच्या लय मनात व्हतं. कोणी देऊ दिलं नाय. बुडालेल्याचं नाव होडीला लावत नायत आमच्यात.

कर्नल : त्याला गोळी लागली. पलीकडे दोर बांधून झाल्यावर.

सत्यवती : मला केरूभावजींनी तेव्हाच सांगितलं, पण वाडीनं तारच खरी मानली. तुमी आज सांगताय.

कर्नल : गोळी लिहिली असती तर चौकशी झाली असती. एकट्याला का पाठवलं, मागून फायर का दिला नाही. आणि ब्रिगेडला पुढे गेलेला अधिकारी हवा होता. तुम्हाला नाही समजायचं, लढाईत अशा गोष्टी...

केरू : अधिकारी कुठं व्हता, तेवढं सांगा. मगर सोडून सांगा.

कर्नल : अलीकडे. झाडामागे. शेवटच्या तराफ्यावरून पार झालो.

केरू : नि त्या तराफ्यावर डोळे मिटून माझा पट्टा धरून तुमी बसला व्हतात. तो धरलेला पट्टा तुमाला मेडल देऊन गेला. मेडलनं मेजर केलान, मेजरचं कर्नल झालं. लडाखची बोटं तुमचीच, त्याबद्दल मी कधी एक गोष्ट नाय रचली. पण लडाखला तुमाला नेलान आनंदानं.

कर्नल : हे बघा. मी पदक खिशात घेऊनच आलो होतो. घ्या. त्याचंच आहे.

सत्यवती : मला कशाला? लुगड्यावर लावून मासे विकू? तुमीच उद्या लावून या.

केरू : सगळीच लावा. रांगेत.

कर्नल : मग काय हवंय तुम्हाला? मी दिल्लीला लिहितो. सगळं कबूल करून लिहितो.

सत्यवती : एकदा लिहिलंत ना तुमी. आता लिहू नका. उद्या पाण्यात उभं राहून, नारळ सोडायच्या आधी, अख्ख्या वाडीपुढं बोला. आनंदा बुडाला नाय. तेवढंच. झाडाचं नाय बोललात तरी चालंल मला.

केरू : मला नाय चालायचं.

सत्यवती : भावजी, तुमी गप ऱ्हावा. तुमची कोठडी, माझा नवरा.

कर्नल : बोललो तरी कोण मानणार? म्हणतील, केरूची नवी गोष्ट.

केरू : माझ्या गोष्टीत सायेब नेहमी जिंकतो. यात तुमी हरताय. वाडी लगेच वळखंल, ही केरूची नव्हं.

कर्नल : सत्यवतीबाई. मला पोहता येत नाही.

सत्यवती : ठावं हाय.

कर्नल : पाण्यात उतरलो की माझे पाय जातात. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. वाळू सरकली तर मी गेलो.

सत्यवती : नाय जायचे. मी बाजूला उभी असंन, तुमचं मनगट धरून. बोललात की बाहेर काढीन.

कर्नल : आणि नाही बोललो तर?

सत्यवती : तर धरून ठेवीन. दोघं उभे ऱ्हाऊ, भरती चढंपर्यंत.

कर्नल : भरती चढल्यावर?

सत्यवती : तेव्हापण धरूनच ठेवीन. पाण्यात माणूस सोडून आमी परत येत नाय, सायेब.