दहा मिलिसेकंदांची ओळ

पाहुणा: तसं नाही, वहिनी, मी बसतो ना. मास्तर येईपर्यंत बसतो. सहा तास बसमध्ये बसून आलोय, आणखी तासभर काय जड आहे?

वहिनी: त्याला उशीर होईल पण. तुम्ही कळवून यायचं होतं हो.

पाहुणा: कळवलं असतं तर ‘येऊ नकोस’ म्हणून उत्तर आलं असतं. बारा वर्षांत पाच वेळा आलंय. पत्ता तरी कुठे दिला होता मास्तरांनी? एकदा टपालाने एक नेटवर्क कार्ड पाठवलं होतं मला, त्या पाकिटामागे होता. पाकीट टाकलं नाही म्हणून आज दार सापडलं.

वहिनी: म्हणजे तुम्ही ते छापखान्यातले.

पाहुणा: बरोबर! दिवसा छापखान्यातली यंत्रं सांभाळतो आणि संध्याकाळी मास्तरांची बोलणी खातो.

वहिनी: मुलीचा चष्मा काय म्हणतो? पुन्हा काढलात नंबर?

पाहुणा: काढला. आधीचा चुकलाच होता. पण वहिनी, ते मी मास्तरांना लिहिलं होतं.

वहिनी: मग? बायको नवऱ्याची मेल वाचत नाही की काय?

पाहुणा: वाचते हो. पण मास्तरांचं उत्तर आलं, ‘डोळ्यांत थेंब घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा नंबर काढून घ्या.’ मी तीनदा वाचलं. बारा वर्षं मी त्यांना घरचं काही ना काही लिहितोय. आई गेली तेव्हाही लिहिलं होतं. त्याला उत्तर काय आलं होतं माहितेय? ‘वाईट झालं. बिघाडाचा लॉग पाठव.’

वहिनी: तसाच होता तो. चहा ठेवू?

पाहुणा: नंतर. मी कशासाठी आलोय ते आधी सांगतो, नाहीतर तोंड उघडायचं नाही माझं. मास्तरांनी त्या नेटवर्क कार्डासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये, ड्रायव्हरमध्ये, एक ओळ होती. कार्ड जागं केलं की दहा मिलिसेकंद थांबायचं, मग पुढचं बोलायचं. ती ओळ काढून टाका, कॉम्प्युटर लवकर सुरू होईल, असं आजवर तिघांनी सुचवलं. तिघांनाही मास्तरांनी सोलून काढलं. तिसऱ्याने तर आमची मेलची लिस्टच सोडली, जिथे हे कार्ड वापरणारे आम्ही सगळे मास्तरांना विचारतो. दीड महिन्यापूर्वी चौथा आला. त्याला मास्तरांनी काय लिहिलं? ‘चालेल. धन्यवाद.’

वहिनी: बरं मग?

पाहुणा: धन्यवाद, वहिनी! मास्तरांनी बारा वर्षांत एकाला धन्यवाद म्हटलेलं मी पाहिलेलं नाही.

वहिनी: मलाही नाही म्हटलं कधी. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती.

पाहुणा: झाली होती?

वहिनी: चहा ठेवते मी.

पाहुणा: वहिनी, मास्तर कुठे आहेत?

वहिनी: तो नाही, भाऊजी. चौदा महिने झाले.

पाहुणा: नाही म्हणजे…

वहिनी: वारला. पोटाचं दुखणं होतं, सहा महिने काढले. बसा तुम्ही. बसा आधी. पाणी घ्या.

पाहुणा: चौदा महिने? पण गेल्या मंगळवारी तर… मूकबधिर शाळेतल्या त्या बाईंना उत्तर गेलंय.

वहिनी: मी दिलं.

पाहुणा: आणि माझ्या मुलीच्या चष्म्याचं?

वहिनी: मीच. चष्म्याच्या दुकानात नंबर काढते मी. तेवीस वर्षं तेच काम आहे. तिथे राहवलं नाही, चुकीचा नंबर घालून पोर फिरत होती तुमची.

पाहुणा: मला शंका होती. खोटं नाही सांगत. पण मला वाटलं आजारी असतील, किंवा कुणा शिकाऊ माणसाला कामाला लावलं असेल. हे नव्हतं वाटलं. बसमध्ये मी काय काय ठरवत होतो. पाया पडायचं की हात मिळवायचा, हेच ठरत नव्हतं.

वहिनी: पाया पडू दिलं नसतं. हात मिळवला असता आणि लगेच धुतला असता.

पाहुणा: पण असं का केलंत, वहिनी? बारा वर्षांचं नातं होतं माझं. मला कळायला नको होतं? मी त्यांना रोज लिहीत होतो हो.

वहिनी: ओरडा माझ्यावर, तुमचा हक्क आहे. पण ठरवून नाही केलं. दवाखान्यात त्याला टाइप करायला व्हायचं नाही. तो सांगायचा, मी टाइप करायची. ‘त्याला लिही, गाढवा, आधी वाच मग विचार.’ मी ‘गाढवा’ गाळायची. तो विचारायचा, ‘गाढवा घातलंस का?’ मी म्हणायची, घातलं. सहा महिने असं चाललं. तो गेला त्या दिवशी सगळं आटपून, माणसं पांगल्यावर मी लॅपटॉप बंद करायला गेले, तर एक मेल आलेली. ‘मास्तर, तुम्ही सांगितलंत तसं केलं, चाललं. आता पुढे काय करू?’ पुढे काय करायचं ते सकाळीच सांगून ठेवलं होतं त्याने. मी लिहून टाकलं. उत्तर अर्धं राहिलं असतं तर चिडला असता.

पाहुणा: आणि मग थांबला नाहीत.

वहिनी: मग दुसरी मेल आली. शेजाऱ्यांना माहीत होतं, नातेवाइकांना माहीत होतं, माझ्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला माहीत होतं. जो तो मान वाकडी करून बघायचा माझ्याकडे. फक्त तुम्हा लोकांना माहीत नव्हतं. तुम्ही आपले विचारताय, मास्तर हे बघा, मास्तर ते बघा. मला वाटलं, असू दे की एक जागा, जिथे तो आहे. मी कुणाचं काय घेतलंय?

पाहुणा: ताकास तूर लागू दिली नाहीत. पण एवढी उत्तरं दिलीत कशी? तुम्हाला हे येतं?

वहिनी: काडीचं नाही. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटरच्या मधला दुभाषा, एवढं त्याने सांगितलेलं. पण बिघाड शोधायला सगळं कुठे यावं लागतं? गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, मी एक काच बदलते आणि विचारते, आता बरं दिसतं की आधी बरं होतं? तसंच करत गेले. एक बदल, एक प्रश्न. आणि अडलं की त्याच्या जुन्या मेल शोधायच्या. बारा वर्षांत तुम्ही लोकांनी सगळे प्रश्न विचारून ठेवलेत, तेही चार-चारदा.

पाहुणा: ‘आता बरं की आधी बरं?’ हो! लिस्टवर सगळ्यांना वाटलं, मास्तर म्हातारपणी मवाळ झाले. वहिनी, नऊ दुखणी सुटली तशी. मी मोजली आहेत.

वहिनी: मग त्या ओळीचं काय झालं ते सांगा. त्यासाठी आलात ना?

पाहुणा: राहू द्या आता ते.

वहिनी: सांगा. मी न बघता ‘चालेल’ म्हटलेलं नाही. त्याच्या या मशीनमध्ये कार्ड घातलं, ओळ काढून दहा वेळा चालवून बघितलं. दहाही वेळा चाललं. तेव्हा लिहिलं.

पाहुणा: दहा वेळा लागोपाठ?

वहिनी: मग काय, दर आठवड्याला एकदा? एका दुपारी बसून केलं. बंद केलं, चालू केलं, बंद केलं, चालू केलं.

पाहुणा: आणि त्याआधी मशीन चालू होतं?

वहिनी: सकाळपासून होतं. का?

पाहुणा: गार कार्डावर बघायचं असतं, वहिनी. कार्ड अगदी स्वस्तातलं. बनवणाऱ्यांनी एक कागद दिला नाही त्याच्याबरोबर. मास्तरांनी एकेक गोष्ट चाचपून शोधली. जागं केलं की ते लगेच ‘मी तयार’ म्हणतं, पण गार असेल तर तयार नसतं. तेव्हा त्याच्याशी बोललं की ते गप्पच होतं. तापलेलं असलं तर चालून जातं. म्हणून मास्तर वायर काढून रात्रभर मशीन तसंच ठेवायचे आणि सकाळी एकदाच बघायचे. दिवसाला एक चाचणी. त्या एका ओळीसाठी त्यांनी अडीच महिने घालवले होते.

वहिनी: रोज सकाळी दात घासायच्या आधी ते बटण दाबायचा तो. मी म्हणायची, देव पुन्हा जन्म देईल तर कॉम्प्युटरचाच देईल तुला. कशासाठी दाबतोय ते विचारलं नाही कधी.

पाहुणा: कुणाला सुचेल विचारायला?

वहिनी: म्हणजे त्या शाळेतल्या बाईंचं…

पाहुणा: तेच. ती ओळ काढलेली चाचणीची आवृत्ती घाला असं तुम्हीच सांगितलं होतं त्यांना. रोज सकाळी त्यांच्या खोलीतले सगळे कॉम्प्युटर नेटवर्कवरून गायब.

वहिनी: आणि मी लिहायची, कार्ड काढा, पुसा, पुन्हा लावा. त्या कळवायच्या, चाललं, आभारी आहे.

पाहुणा: पुसल्यामुळे नव्हतं चालत. तोवर ते तापलेलं असायचं.

वहिनी: अठरा कॉम्प्युटर आहेत हो त्यांच्याकडे. रोज अठरा खोकी उघडत होत्या त्या. माझ्या शब्दावर.

पाहुणा: मास्तरांच्या शब्दावर.

वहिनी: हो. त्याच्या.

पाहुणा: आता ऐका. शुक्रवारी नवी आवृत्ती निघते, ती सगळ्यांकडे जाईल. त्याआधी ओळ परत घातली पाहिजे. आणि ज्याने ‘चालेल’ म्हटलं त्यानेच ‘नको’ म्हणायला हवं, अशी रीत आहे लिस्टची. मी एक सुचवू? तुम्ही मास्तरांच्या नावानेच लिहा. मी मजकूर सांगतो. शेवटची एकच मेल. मग मास्तर दमले, निवृत्त झाले, असं सावकाश करू. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मरेपर्यंत बोलणार नाही.

वहिनी: मघाशी तर ‘मला कळायला नको होतं?’ म्हणून चिडला होतात.

पाहुणा: चिडलो होतो. पण आता मलाही वाटतंय, असू दे की ती जागा.

वहिनी: काय लिहायचं? सांगा बघू.

(ती मशीनवरचं कापड काढून खुर्ची ओढते.)

पाहुणा: लिहा. ‘गेल्या महिन्यात थांबण्याची ओळ काढायला मी संमती दिली. गार कार्डावर चाचणी न करता दिली. ती माझी चूक होती. ओळ परत घालावी.’ बास. मास्तर एवढंच लिहितील.

वहिनी: ‘ती माझी चूक होती.’

पाहुणा: हो.

वहिनी: हे त्याच्या नावावर राहणार?

पाहुणा: लिस्टवरचं पुसता येत नाही. राहील. पण लोक समजून घेतील हो. चुका कुणाच्या होत नाहीत?

वहिनी: याची झाली नव्हती. अडीच महिने रोज सकाळी उठून बघितलं त्याने, आणि मी एका दुपारी बसून ‘चालेल’ म्हटलं. चूक माझी आणि माफी त्याने मागायची? दुसरं काय होतं हो त्याच्याकडे? नोकरीत दोनदा डावललं. हे घर भाड्याचं. माणसं तोडली तोंडामुळे. ते एक कार्ड तेवढं त्याने नीट चालवलं. त्यात तरी चुकला नव्हता.

पाहुणा: मग वहिनी, खरं लिहावं लागेल. आणि खरं लिहिलं की…

वहिनी: कळतंय मला. खरं लिहिलं की तो तिथेही नाही.

पाहुणा: आज नाही लिहिलंत तरी चालेल. उद्या लिहा. शुक्रवारपर्यंत वेळ आहे.

वहिनी: उद्या मला नाही जमणार. तुम्ही समोर आहात तोवरच जमेल. थांबा, मी माझ्या मनाने लिहिते. चुकलं तर सांगा. ‘थांबण्याची ओळ काढायला संमती त्याने दिली नव्हती. मी दिली. मी त्याची बायको. मला यातलं कळत नाही. त्याने ती ओळ विचार करून घातली होती, ती परत घालावी.’ बरोबर आहे?

पाहुणा: बरोबर आहे.

वहिनी: ‘तो गेल्या वर्षी वारला. त्यानंतरची सगळी उत्तरं माझी होती. ज्यांना चुकीची गेली त्यांची मी माफी मागते.’ तारीख घालायला हवी ना? लोक विचारतील, कुठपासूनची उत्तरं त्याची नाहीत.

पाहुणा: घाला.

वहिनी: घातली. आणखी काही लिहायचं असतं का अशा मेलमध्ये?

पाहुणा: नसतं. ‘गाढवांनो’ राहिलंय तेवढं.

वहिनी: ते तो असता तर. पाठवू?

पाहुणा: नीट विचार केलात ना, वहिनी? एकदा गेली की परत येत नाही.

वहिनी: पाठवली.

पाहुणा: आता उत्तरं येतील. शंभर-दीडशे तरी येतील. जगभर बसलीत माणसं त्यांची, त्यांनी हाकललेली सुद्धा लिहितील. ही बघा, पहिली आलीच. मी खुर्ची सरकवतो, आपण एकेक वाचून उत्तर देऊ.

वहिनी: आजची तुम्हीच द्या, भाऊजी. मला आता रडायचंय.