केरबानं माफ केलं

शालन : म्हणजे पाहुण्यांच्या गाडीची चावी सकाळपासून तुमच्याच खिशात आहे?

केरबा : हळू बोल. खिडकी उघडी हाये.

शालन : ते सगळे केव्हाचे बंगल्याच्या लॉनमध्ये गवत चाळतायत. तुम्हीपण त्यांच्याबरोबर वाकून शोधत होतात. मी ओट्यावरून बघत होते.

केरबा : व्हय. जनरेटरमागं बी बघून आलो.

शालन : सापडली कुठे?

केरबा : पोहायच्या टाकीच्या कडंला. पानी साफ करताना दिसली. द्यायलाच उचलली व्हती. पन हात खिशात गेला, त्यो भायेर आलाच न्हाई.

शालन : परवा त्या पाहुण्याने थोबाडीत मारली म्हणून.

केरबा : गानी बारीक करा, शेजारी म्हातारी मानसं हायेत, एवढंच म्हनलो. त्याच्या पोरांदेखत मारली मला, शालन. माझी पन्नाशी झाली.

शालन : आणि काल हे ऐकून चर्चचे पाळकसाहेब आले, तर त्यांना म्हणालात, मी माफ केलं. आज उपासनेत ते तुम्हाला सगळ्यांसमोर माफ केल्याची साक्ष द्यायला उभं करणार आहेत.

केरबा : त्यांनी इचारलं, माफ केलंस ना? तोंडातनं व्हय निघालं. पाळकसायबाला न्हाई कसं म्हनायचं?

शालन : आणि मनात?

केरबा : मनात त्याला लय हानलाय. चहा देताना, चादरी बदलताना. प्रार्थनेला गुडघं टेकलं तवा बी.

शालन : मग तेच प्रभूला सांगायचं. राग आलाय म्हणून.

केरबा : देवाम्होरं असलं बोलायचं व्हय? तितं चांगलंच बोलावं लागतं. बाप्तिस्मा घेतल्यापास्नं माझं हेच चाललंय. वर इस्त्रीची चादर, आन् खाली गादीत ढेकनं.

शालन : थांबा. बाहेर कोण रडतंय?

केरबा : झाडलोटीची शालूबाई वाटतं.

शालन : तिची पिशवी उलटी केलीये त्यांनी. खोल्या तिनं झाडल्या, म्हणून चावी तिनंच घेतली म्हणतायत. डबा मातीत पडलाय तिचा.

केरबा : मी तिचं नाव न्हाई घेतलं.

शालन : तुम्ही काहीच बोलला नाहीत. तेच तर झालं.

केरबा : चावी गवतात टाकतो. सापडली म्हनतो.

शालन : मग म्हणतील, बाई घाबरली आणि तिनं फेकली.

केरबा : मंग काय करू? बंगल्याच्या मालकाच्या कानावर गेलं तर नोकरीबरुबर ही खोली बी जाईल. लोनावळा सोडून गावी आंबीला भावाच्या दारात जाऊन बसायचं का?

शालन : मला माहीत नाही. भीती मलाही वाटतेय. पण ती बाई मुकाट्यानं भात गोळा करतेय, ते मला बघवत नाही.

(केरबा बाहेर जातो. शालन दारात उभी राहते. बऱ्याच वेळाने गाडी फाटकातून निघून जाते.)

शालन : काय सांगितलंत?

केरबा : चावी माझ्यापाशी व्हती म्हनलो. तुमी मारलं त्याचा राग धरला आन् लपवली. शालूबाईचा काय संबंध न्हाई.

शालन : मग?

केरबा : हात उगारलाच व्हता त्यानं. बायकोनं धरला. मालकाला फोन करतो म्हनला आन् गेला.

शालन : परवाची माफी मागितली?

केरबा : त्यानं कशाला मागावी? मी मागितली, शालूबाईची. ती उठली. पिशवी झटकली आन् गेली.

शालन : मालक काय करतील?

केरबा : काडतील न्हाईतर ठेवतील. सदरा दे, उपासनेला उशीर व्हतोय.

शालन : साक्ष देणार?

केरबा : जे झालं ते सांगनार. पाळकसायबाला आवडायचं न्हाई.

शालन : मन तरी हलकं झालं का?

केरबा : न्हाई. राग तसाच हाये. पन आता निसता रागच हाये, वर चादर न्हाई.