शिवरुद्रआप्पांची सर्व्हिस

...आन वरून कॉलनीतले मलाच इचारायलेत, आप्पा घराभायेर पडंनात, कुनाशी बोलंनात, तुमी शेजारी ना, मंग तुमी येळेवर समजावलं कामून न्हाई? अवो, कुनाला समजावू? शिवरुद्रआप्पाला? ज्या मानसानं जलमभर पाटबंधारे खात्यात कालव्याचे नकाशे काढले, एक रेघ जराशी हलली तर अख्खा कागद फाडून नवा घेतला, त्याला मी समजावू? तुमाला सांगतो, परभणीच्या कडंला ही आमची पेन्शनरांची कॉलनी, इथं मानसाला लागतं काय? सकाळी फिरायला एक काठी, दुपारी चा, आन कुनाचा कोनता गुडघा दुखायला त्याची चौकशी. पन आप्पांला पायजे टेनिस. आता बोला. आन टेनिस काय एकट्यानं खेळता येतं? पत्ते एकट्यानं लावता येतात, भजन एकट्यानं म्हनता येतं, जपाला तर दुसरा नकोच. टेनिसला समोर मानूस लागतो.

हे खूळ आलं कुटून? तर धरनाच्या कॅम्पवर नोकरीला असताना. तिथं सायब लोकांचा क्लब, क्लबात टेनिसचं कोर्ट. आप्पा हेड ड्राफ्ट्समन, म्हंजे सायब न्हाईत आन शिपाईबी न्हाईत, मधल्यामधी लटकलेले. त्यांला बोलावलं ते चुन्यानं रेघा आखायला. एक दिवस गडी कमी पडला, मोठे सायब म्हनले, "ए शिवरुद्र, उभा ऱ्हा तिकडून." उभे ऱ्हायले. आन बगतात तर हात आसा चालायला का सायबाला चेंडू दिसंना. दोन-चार फटक्यांत सायबाचं तोंड उतरलं. मंग बाजूच्या ओव्हरशियरनं हळूच कानात सांगितलं, "आप्पा, पोरीच्या लग्नाला रजा लागनार हाय ना तुमाला?"

झालं. तवापासून आप्पा हरायला शिकले. आन हरनं काय सोपं आसतं? उगंच चेंडू सोडून दिला तर सायबाचा अपमान. डाव बरोबरीत आनायचा, सायबाला घाम फोडायचा, आन शेवटच्या फटक्याला मनगट एवढंसं... एवढंसंच वळवायचं. चेंडू रेघेच्या चार बोटं भायेर. आन वरून कपाळाला हात लावून म्हनायचं, "अरारारा, काय मारलं सायब तुमी." सायब बदलून गेले, दुसरे आले, आप्पा त्यांच्याबी समोर हरले. अवो, खरं खेळून हरले आसते तर त्यांचं काय म्हननं नव्हतं, पन खरं खेळायलाच मिळालं न्हाई कधी. रिटायर झाले त्या दिवशी घरी येऊन गौराबाईला म्हनले, "गौरा, आता एक डाव मी खरा खेळनार. हरंन न्हाईतर जिंकंन, पन खरा." गौराबाई म्हनल्या, "आधी हे निरोपाचे नारळ फोडू का ठिवू, ते सांगा."

तर कॉलनीच्या मधोमध एक मोकळा प्लॉट. तिथं मारुतीचं देऊळ बांधायचं का महादेवाचं, यावर सोसायटीच्या मीटिंगा चालू, आन देवाचा निकाल लागंस्तोवर तिथं म्हशी बसायच्या. चेअरमन माणिकराव, तहसीलातून रिटायर झालेले. ते म्हनले, "आप्पा, संक्रांत झाली का पाया खोदायचा हाय. मंग मारुती बसू द्या न्हाईतर महादेव. तवर मारा तुमचे टोले." म्हंजे मुदत संक्रांतीपस्तोर. आप्पांनी म्हशी उठवल्या, जमीन सारवल्यावानी केली, दोरी धरून चुन्याच्या रेघा आखल्या... तुमाला सांगतो, त्या रेघा बगून मला वाटलं आता इथं कुनाचं लगीन हाय.

आता नेट. परभणीत टेनिसचं नेट कोन ठिवतो? आप्पा गेले पाथरीकडं, गोदावरीच्या काठाला, आन एका भोयाकडून त्याचं जुनं मासे धरायचं जाळं घेऊन आले. गौराबाईनं ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं न्हाई. "आवो, लिंगपूजेचं घर हे, वास बगा कसला यायलाय." मंग जाळं कायमचं कोर्टावरच. आन सगळ्या परभणीची मांजरं त्याच्या खाली. चेंडू आनले सिकंदराबादच्या जावयानं. तवा औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावावरून दिवस लय गरम व्हते, आज बंद, उद्या मोर्चा, मानूस घराभायेर पडायला धजत नव्हता. तशातबी जावई मीटरगेजच्या गाडीत उभ्यानं, चेंडूचा डबा छातीशी धरून आला. रेघा झाल्या, नेट झालं, चेंडू झाले, क्लबातून आनलेल्या दोन जुन्या रॅकेटी व्हत्याच. पन टेनिसला समोर मानूस लागतो.

पैले आले आश्रुबा, एसटीतले ड्रायव्हर. टेनिस म्हनल्याबरोबर लय खूश, आन आले ते बॅट खांद्यावर टाकून, तीन दांड्या बगलेत. कामून? तर आपल्याकडं टेनिस म्हंजे टेनिस बॉलचं क्रिकेट! आप्पांनी बिचाऱ्यांनी सगळं बैजवार समजावून सांगितलं. आश्रुबानं ऐकून घेतलं आन इचारलं, "मंग ह्याच्यात औट कोन होतं?"

"औट कुनीच होत न्हाई."

"मंग आपन घरी जायचं कवा?"

आन खरंच गेले घरी. दांड्या घेऊन.

मंग आप्पांनी माणिकरावांला धरलं. चेअरमन मानूस, दहा वेळा "बगू, बगू" केलं, शेवटी धोतर खोचून उभे ऱ्हायले. आता त्या खेळात पैला टोला मारतो त्याला म्हनतात सर्व्हिस. आप्पांनी सहज इचारलं, "माणिकराव, सर्व्हिस कुनाची?" माणिकराव ताठ झाले. "माजी. सगळी महसूल खात्यात. एक दिवस बिनपगारी न्हाई." आप्पा म्हनले, आसू द्या, मारा. माणिकरावांनी कसेबसे टोले मारले, आप्पांनी सगळे परतवले, आन खुशीच्या भरात पाटबंधारे खात्याच्या आवाजात ओरडले, "माणिकराव, तुमची सर्व्हिस ब्रेक झाली!"

पेन्शनरांच्या कॉलनीत हे बोलायचं आसतं व्हय? दुसऱ्याच्या मरनाची बातमी द्या, चालंल. पन सर्व्हिस ब्रेक म्हंजे मधी नोकरी खंडित, म्हंजे पेन्शन गेली. माणिकराव मटकन खाली बसले. "कोन म्हनलं? कवा कागद आला? आप्पा, तुमी आतून काय ऐकलं का?" आप्पा समजवायलेत, ही ती सर्व्हिस न्हाई, ही चेंडूची सर्व्हिस, पैला टोला मारनारा हरला का ती ब्रेक झाली म्हनतात. ऐकतो कोन? दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकराव ट्रेझरीच्या दारात. तिथल्या क्लार्कनं दहादा सांगितलं, काका, सगळं ठीक हाय, तवा परत आले, पन आले ते कॉलनीभर सांगत, "त्या खेळाच्या नादी लागू नका. उगंच काही तरी निघतं." मंग कोन येतंय? मानसं प्लॉटवरून जायचं सोडून मागल्या गल्लीनं वळसा घालून जाऊ लागली.

तुमाला खरं सांगतो, त्या दिवसांत आप्पांकडं बगवत नव्हतं. पान्याच्या टाकीच्या भिंतीवर एकटेच चेंडू मारायचे. धप... धप... धप. मी एकदा म्हनलो, आप्पा, भिंत बरी की, परत तरी देती. तर म्हनले, "देती हो. पन ती हरत न्हाई आन जिंकतबी न्हाई." एकदा तर गौराबाई उभ्या ऱ्हायल्या समोर. पदर खोचून, रॅकेट सुपासारखी धरून. आप्पांनी लय हळू चेंडू टाकला. बाईनं रॅकेट ठिवली खाली, पदर पसरून चेंडू झेलला आन जाळ्यापाशी आनून हातात दिला. "घ्या. पडला आसता." आप्पा हातात चेंडू घेऊन तसेच उभे ऱ्हायले. डोळे भरून आलते त्यांचे. मीबी मंग दुसरीकडं बगितलं.

आन संक्रांत आली तोंडावर. त्याच टायमाला कॉलनीत नवं घर झालं भगवानरावांचं. हेबी पाटबंधाऱ्यातलेच, ट्रेसर, म्हंजे आप्पांच्या नकाशांच्या नकला उतरवायचे, आप्पांच्याच हाताखाली कॅम्पवर व्हते. वास्तुशांतीला गेलो तर हे आप्पांच्या पाया पडायलेत, "सायब, वळखलं का?" आन बोलता बोलता निघालं का भगवानरावांला टेनिस येतं! सायब लोक दौऱ्यावर गेले का क्लबाच्या चौकीदाराशी दोस्ती करून खेळायचे. आप्पांनी हातातली पुरी ताटात ठिवली. त्या दिवशी ते जेवले का न्हाई, देव जाने.

डाव ठरला संक्रांतीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सणाला सुट्टी, आन तिसऱ्या दिवशी पाया खोदायची मानसं येनार. म्हंजे ह्योच एक डाव. सगळी कॉलनी खुर्च्या घेऊन आली, माणिकरावबी आले, जरा लांब बसले. आधी नुस्ते टोले. काय मारायला हो तो भगवानराव! आप्पा पळायलेत, धापा टाकायलेत आन हसायलेत. त्या मानसाला मी तसं हसताना कधी बगितलं नव्हतं. गौराबाई माज्या बायकोला म्हनल्या, "बगा की, कसे दिसायलेत." मंग आप्पांनी हाक दिली, "भगवानराव, आता मोजून!"

पैला चेंडू जाळ्यात. भगवानरावांचा. मांजरं उठून पळाली. दुसरा जाळ्यात. आप्पांला वाटलं, लोकायला बगून बुजले आसतील. मंग भगवानरावांनी डाव बरोबरीत आनला, आप्पांला घाम फोडला, आन शेवटच्या टोल्याला... तुमाला दिसलं नसतं, मला दिसलं न्हाई, कुनालाच दिसलं न्हाई. पन आप्पांला दिसलं. मनगट एवढंसं वळलं. चेंडू रेघेच्या चार बोटं भायेर. आन भगवानरावांनी कपाळाला हात लावला. "अरारारा, काय मारलं सायब तुमी."

आप्पा जागच्या जागी थांबले. मंग जाळ्यापाशी गेले. "भगवानराव, खरं खेळा."

"खरंच खेळायलो सायब."

"मी सायब नव्हतो हो. हेड ड्राफ्ट्समन व्हतो, तेबी आता न्हाई."

"आमाला तुमीच सायब. तुमी माजा रिपोर्ट चांगला लिवला, पोराला कामावर चिकटवलं. तुमच्या समोर मी जिंकावं? लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या की. मी हात जोडतो तुमाला."

हात जोडल्यावर तर भगवानराव जास्तच घाबरले. वाटलं, आपल्याकडून काय तरी कमी पडायलं. मंग आप्पांनी काय केलं, आपनच चेंडू भायेर मारायला सुरू केलं, म्हनलं हा जिंकला तरी चालंल. आप्पांनी भायेर मारला का भगवानराव त्याच्या पुढं भायेर. हे जाळ्यात, तर ते जाळ्यात. दोन म्हातारे घामाघूम होऊन हरायला धडपडायलेत आन कॉलनी टाळ्या वाजवायली! कुनाला वाटायलं, आसंच आसतंय टेनिस. आश्रुबा मला इचारायले, "ह्यांच्यात औट कोन झालं?" मी काय सांगू? तुमाला सांगतो, आप्पांनी जलमभर हरायची प्रॅक्टिस केली, पन भगवानराव त्यांच्याहून पक्के निघाले. शेवटी आप्पाच जिंकले. टेनिसला समोर मानूस लागतो म्हनत व्हतो ना... मिळाला की मानूस. लय चांगला मानूस. जाताना पुन्हा पाया पडून गेला.

मी आप्पांच्या मागोमाग त्यांच्या घरी गेलो. गौराबाईनं तांब्यात पानी आनलं. म्हनल्या, "जिंकलाव ना? मंग तोंड कामून आसं केलंय?"

आप्पांनी घोटभर पानी पिलं आन भिंतीकडं बगून म्हनले, "गौरा, आज माजं प्रमोशन झालं. सायब केलं मला."