समुद्र कुठला निवडायचा?

दातांच्या दवाखान्यात मैत्रेयीच्या मागे एक निवृत्त जोडपं बसलं होतं. बायको एका श्वासात समुद्रात खोल बुडी मारायला शिकली होती, आणि आता दोघांना राहायला समुद्रकाठचं गाव शोधत होती.

"बेबी, काहून जबलपूर सोडतेस? नर्मदा आहे ना."

"धार ओढून नेते जी."

"मग गोवा?"

"पाणी गढूळ असते. पोर्ट ब्लेअरचं पाहा, काचेसारखं!"

"तिथं भाजी महाग असेल."

"मी मासे पाहीन, तुम्ही भाव पाहा."

"चलो, मान लिया. पण तू खाली गेली की मी काय करू?"

"माझ्यावर नजर ठेवायची. वर जोडीदार लागतेच, पोहणारा."

मैत्रेयीचं नाव पुकारलं, तरी ती उठली नाही.

"या वयात पोहायला शिकवतात?" नवऱ्यानं विचारलं.

"कालच तुमचं नाव टाकून आली."